बांधावरचा एरंड

धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगावला येणारा रस्ता घ्या किंवा शिरपूर, चोपडा, यावल असा सातपुड्याच्या पायथ्याने जाणारा. गणपती उठले की दोन्ही रस्त्यांच्या कडेला काळ्या रानात कपाशी कमरेला लागलेली असते. तिच्या बांधावर, तिच्याहून दोन हात उंच, लालसर खोडाची आणि रुंद कातरलेल्या पानांची झाडं उभी असतात. हा एरंड. शेतकऱ्याला कपाशी किती, तूर किती, केळी किती असं विचारलं की तो एकरात उत्तर देतो. एरंड किती, हा प्रश्न मात्र त्याला कोणी विचारत नाही. पीकपेऱ्यात त्याची नोंद नसते आणि पीककर्जाच्या यादीत त्याला जागा नसते. काही झाडं टोकलेली असतात, काही गेल्या साली फुटलेल्या बोंडांतून आपोआप उगवलेली असतात.

तरीही खानदेशातल्या जुन्या घरात या झाडाचं काही ना काही सापडतंच. गव्हाच्या कोठीत त्याचं तेल असतं, दुखऱ्या गुडघ्यावर त्याचं पान बांधलेलं असतं, केळीच्या आळ्यात त्याची पेंड पडलेली असते. माणसाचा जीव घेऊ शकेल असं विषही याच झाडाच्या बीमध्ये असतं. औषध आणि विष एका टरफलाखाली नांदतात आणि त्यांना वेगळं करते ती माणसाच्या हातातली रीत. ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आज झाड बांधावर शाबूत आहे, रीत मात्र घराघरांतून निघून चालली आहे. मला त्याची काळजी वाटते, म्हणून हा लेख.

नाईलकाठापासून तापीकाठापर्यंत

एरंडाचं मूळ घर पूर्व आफ्रिकेत. इथिओपिया आणि केनियात तो अजूनही रानटी अवस्थेत सापडतो आणि 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानेही बोट त्याच प्रदेशाकडे दाखवलं. इजिप्तमधल्या प्राचीन थडग्यांत एरंडाच्या बिया मिळाल्या आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे 1550च्या एबर्स पपायरस या इजिप्शियन वैद्यकग्रंथात एरंडाचे औषधी उपयोग नोंदलेले आहेत. पुढे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इजिप्शियन लोक हे तेल कसं काढतात ते लिहून ठेवलं. काही जण बिया ठेचून दाबतात, तर काही जण त्या भाजून पाण्यात उकळतात आणि वर येणारं तेल गोळा करतात. दिव्याला ते चांगलं, पण वास उग्र, असंही तो सांगतो.

आफ्रिकेतून आलेलं खानदेशात एरंड हे एकटंच नाही. कळण्याच्या भाकरीतली ज्वारी, थंडीत होणारी बाजरी, चवळी आणि शेताच्या कडेची अंबाडी ही सगळी मूळची त्याच खंडातली. भारतात एरंड इतक्या आधी आला की चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांच्या काळी तो वैद्यांच्या रोजच्या वापरातला झाला होता. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात रेल्वे आली तेव्हा डब्यांतल्या दिव्यांत आणि चाकांच्या वंगणात एरंडेल वापरलं गेलं. भुसावळसारखं मोठं जंक्शन पोटात वाढवणाऱ्या जळगाव जिल्ह्याने तोही काळ पाहिला आहे. बैलगाडीच्या आखाला एरंडेलात भिजवलेली चिंधी लावणारी माणसं तर आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत होती. 1909मध्ये इंग्लंडात बाजारात आलेल्या ‘कॅस्ट्रॉल’ या इंजिन तेलाचं नावही एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच पडलं, कारण त्यात एरंडेल मिसळलेलं असे. फार गरम झालं तरी या तेलाचा चिकटपणा टिकतो. आखाला आणि इंजिनाला नेमकं तेच हवं असतं.

झाड जवळून पाहताना

दसऱ्याच्या सुमारास एरंडाचा एक घोस हातात धरून पाहावा. एकाच दांड्यावर वर मादी फुलं आणि खाली नर फुलं असतात. मादी फुलाच्या टोकाला लालभडक केसाळ तुरे असतात आणि त्यांना पाकळ्या नसतात. खालची नर फुलं पिवळसर, परागांनी गच्च भरलेली. वारा पराग उडवतो आणि फळधारणा होते, यासाठी मधमाशीची वाट पाहावी लागत नाही. मग मऊ काट्यांची हिरवी बोंडं धरतात. प्रत्येक बोंडात तीन कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक बी. बोंड वाळलं की उन्हात तडकतं आणि बी दूर फेकलं जातं. म्हणून घोसातली बोंडं तपकिरी पडायला लागली की कापून आणावीत, सगळी वाळेपर्यंत थांबू नये. अंगणात पसरलेल्या घोसांचा दुपारभर तडतड आवाज येत राहतो.

बी चकचकीत असतं, त्यावर तपकिरी-करड्या नक्षीच्या रेषा असतात आणि एका टोकाला छोटी गाठ असते. रक्त पिऊन टम्म फुगलेल्या गोचिडासारखं ते दिसतं. लहान मुलांना ते हमखास उचलावंसं वाटतं. धोक्याची सुरुवात तिथूनच होते, त्याबद्दल पुढे येईलच.

लागवडीला हे पीक सोपं. पावसाळ्याच्या सुरुवातीला बी टोकायचं. मुळं खोल जातात, त्यामुळे पावसाने महिनाभर ओढ दिली तरी झाड तग धरतं. त्याला सोसत नाही ते साचलेलं पाणी. निचरा नसलेल्या चोपण जमिनीत मर रोग लागतो आणि घोस आलेले असताना ढगाळ, दमट हवा राहिली तर बोंडांवर करडी बुरशी चढते. पहिले घोस साधारण तीन-साडेतीन महिन्यांत काढणीला येतात. पुढे खालच्या फांद्यांवर नवे घोस येत राहतात आणि तीन-चार तोडे होतात.

शेजारच्या गुजरातने याच झाडाचं सोनं केलं. 1960च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी जीसीएच-3 हा एरंडाचा संकरित वाण दिला. पुढे जीसीएच-4, जीसीएच-7 असे वाण आले. आज जगाला लागणाऱ्या एरंडेलाचा मोठा हिस्सा भारत पुरवतो आणि भारताच्या उत्पादनाचा बहुतांश भाग एकट्या गुजरातचा आहे. खानदेशाची हद्द त्या राज्याला लागून आहे. जमीन, हवामान, व्यापाराची वाट सगळं जवळचं. जळगावात महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं तेलबिया संशोधन केंद्र आहे. ‘फुले प्रगती’ भुईमूग आणि ‘जेएलटी’ मालिकेतले तिळाचे वाण याच केंद्राने शेतकऱ्यांना दिले. तेलबियांची समज असलेला हा प्रदेश आहे. इथे एरंड बांधापुरताच राहिला, कारण आत कापूस आणि केळी या दोन नगदी पिकांनी जागा धरली.

चुलीवर निघणारं तेल

बाजारात एरंडेलाची बाटली मिळायला लागली, तरी सातपुड्याच्या पायथ्याच्या काही वस्त्यांवर आणि गावाकडच्या थोड्या घरांत तेल अजून चुलीवर निघतं. बिया चांगल्या कडक वाळवतात. मग कढईत मंद आचेवर भाजतात, करपू देत नाहीत. करपल्या तर तेल काळं आणि कडवट होतं. भाजलेल्या बिया उखळात कुटून त्यांचा लगदा करतात. मोठ्या भगोण्यात पाणी उकळायला ठेवून लगदा त्यात सोडतात आणि बराच वेळ ढवळत राहतात. हळूहळू तेल सुटून वर तवंग येतो. तो पळीने अलगद काढून दुसऱ्या भांड्यात घेतात. त्यात पाण्याचा अंश असतो, म्हणून ते पुन्हा आचेवर चढवतात. आधी तडतड होते. तडतड थांबली की पाणी गेलं असं समजून भांडं उतरवतात. हे सगळं घराबाहेर, उघड्यावर चालतं, कारण वास डोक्यात जातो. खाली उरलेला चोथा गुरांना घालत नाहीत, तो लांब उकिरड्यावर किंवा झाडाच्या आळ्यात जातो.

हिरोडोटसने लिहिलेली भाजून-उकळून तेल काढण्याची पद्धत हीच. अडीच हजार वर्षं आणि हजारो मैल ओलांडून ती टिकली, याचं कारण त्या पद्धतीतच आहे. बीमधलं विष हे प्रथिन आहे. ते पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही आणि दीर्घ उकळीने निकामी होतं. त्यामुळे तेल वर येतं आणि विष खालच्या पाण्यात व चोथ्यात राहून उष्णतेने मोडतं. आपल्या आज्यांना प्रथिन हा शब्द ठाऊक नव्हता. पण किती वेळ उकळायचं, तडतड केव्हा थांबते आणि चोथा गुरांपासून लांब का ठेवायचा, हे त्या चोख पाळत होत्या. त्यातली एकही पायरी गाळण्यासारखी नव्हती.

या तेलाची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक धान्याची कोठी. वर्षाचा गहू भरताना त्याला एरंडेल चोळायचं, ही रीत घरोघर आहे. तुरीच्या डाळीलाही तेल लावतात. क्विंटलला साधारण अर्धा लिटर तेल पुरतं, पण ते प्रत्येक दाण्याला लागलं पाहिजे. दाण्यावर तेलाचा पातळ पापुद्रा बसला की भुंग्याची अंडी उबत नाहीत आणि किडीला श्वास घेणं अवघड होतं. कोठीत कीटकनाशकाच्या गोळ्या ठेवून झोपणाऱ्या घरांत अपघाती मृत्यू झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यांच्या तुलनेत धान्य राखण्याचा हा उपाय कितीतरी सुरक्षित आहे. वापरण्याआधी गहू धुऊन, वाळवून घेतला की झालं.

वैद्यांचा एरंड, डॉक्टरांचा एरंड

आयुर्वेदात एरंडाचा मान मोठा. वातावर चालणाऱ्या द्रव्यांत चरकसंहिता एरंडमुळाला अग्रस्थान देते. सांधे सुजवणाऱ्या आमवाताला भावप्रकाश हत्ती मानतो आणि एरंडेलाला त्याचा नाश करणारा सिंह. रास्नासप्तक काढ्यात एरंडमूळ असतं, सिंहनाद गुग्गुळात एरंडतेल असतं आणि गंधर्वहरीतकीत हिरडा एरंडतेलात परतलेला असतो. खानदेशातल्या कोणत्याही वैद्याच्या कपाटात यातलं एखादं औषध सापडेलच.

आधुनिक विज्ञानाला या तेलाचं कोडं बराच काळ सुटलं नव्हतं. एरंडेलात 85 ते 90 टक्के भाग रिसिनोलेइक आम्लाचा असतो, इतर कोणत्याही खाद्यतेलात ते या प्रमाणात आढळत नाही. हे आम्ल आतड्यात मोकळं होतं आणि पोट साफ होतं, इतपत माहिती होती. नेमकं कसं, ते 2012मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. आतड्याच्या स्नायूंवर ईपी3 नावाचे ग्राहक असतात. रिसिनोलेइक आम्ल त्यांना चेतवतं आणि आतडं आकुंचन पावतं. असेच ग्राहक गर्भाशयाच्या स्नायूंवरही असतात. गर्भार बाईला एरंडेल देऊ नये, या जुन्या सावधगिरीचा अर्थ त्यातून लख्ख उलगडतो. पोटदुखीचं कारण कळलेलं नसताना जुलाबाचं औषध म्हणून एरंडेल पाजणंही धोक्याचं आहे. दुखणं अपेंडिक्सचं असेल किंवा आतडं अडकलेलं असेल, तर ते जिवावर बेतू शकतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यामुळे तान्ह्या बाळाला एरंडेलाची घुटी देण्याची पद्धत आता सोडायलाच हवी. तेलाचा थेंब श्वासनलिकेत गेला तर बाळाच्या फुप्फुसाला इजा होते.

काविळीवर एरंडाच्या पानांचा रस पिण्याची चाल धुळे आणि जळगाव या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकदा विश्रांतीने आणि पथ्याने आपणहून उतरते, त्यामुळे रसाने गुण आला असं वाटतं. पण कावीळ पित्ताच्या खड्याने, दारूने किंवा यकृताच्या गंभीर आजारानेही होते. तिथे आठवडाभर रस पीत बसणं म्हणजे उपचाराचे मोलाचे दिवस घालवणं. आधी रक्ताची तपासणी करावी. दुखऱ्या गुडघ्याला तेल लावून, पान शेकून बांधण्याला मात्र हरकत नाही. शेक आणि चोळण्याने आराम पडतो, कातडीवर पुरळ आलं तर थांबावं.

एरंड आणखी एका ठिकाणी आहे, जिथे तो कोणाच्या लक्षात येत नाही. कर्करोगावरचं पॅक्लिटॅक्सेल हे औषध पाण्यात विरघळत नाही. ते शिरेतून देता यावं म्हणून एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात विरघळवतात. त्या द्रावकाची काहींना तीव्र ॲलर्जी होते, म्हणून सलाइन सुरू करण्याआधी ॲलर्जी रोखणारी औषधं टोचतात. मुंबईला केमोथेरपी घ्यायला जाणाऱ्या खानदेशातल्या किती बायांच्या शिरेत बांधावरच्या याच झाडाचं तेल रूप बदलून उतरलं असेल.

बीमधलं विष

1888मध्ये डॉरपाट विद्यापीठात, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या टार्टूमध्ये, पेटर हेरमान स्टिलमार्कने एरंडाच्या बीमधलं विष वेगळं काढलं. त्याचं नाव रिसिन. पेशीत शिरून ते प्रथिनं तयार करण्याची यंत्रणाच बंद पाडतं आणि पेशी मरते. 1978मध्ये लंडनमध्ये ज्योर्जी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाच्या पायात टोचलेल्या बारीक गोळीमधून हेच विष गेल्याचं तज्ज्ञांनी मानलं. त्या खुनाने रिसिन जगभर कुप्रसिद्ध झालं. रिसिनवर आजही उतारा नाही. रुग्णाला सलाइन देऊन, लक्षणांवर उपचार करत सांभाळावं लागतं.

बीचं टरफल टणक असतं. न चावता गिळलेलं बी कधीकधी तसंच बाहेर पडतं, चावलेलं बी मात्र विष सोडतं. काही तासांत उलट्या, पोटात कळा आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात. मूल बी खाल्लं असं म्हणालं, तर चावलं की गिळलं याचा तपास करत घरी बसू नये. उरलेल्या बिया सोबत घेऊन थेट सरकारी दवाखाना गाठावा.

इथे आणखी एक गोंधळ टाळायला हवा. मोगली एरंड किंवा चंद्रज्योत हे वेगळं झाड. ते अमेरिका खंडातून आलं, पोर्तुगीजांनी ते भारतात आणल्याचं मानतात. जैवइंधनाची लाट आली तेव्हा, 2000नंतरच्या दशकात, पडीक जमिनींवर त्याची भरपूर लागवड झाली. शाळकरी मुलांनी चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाणे समजून खाल्ल्या आणि ती दवाखान्यात भरती झाली, अशा बातम्या महाराष्ट्रात सतत येतात. त्या बीची चव गोडसर लागते, त्यामुळे एक मूल खातं आणि पाच जणांना वाटतं. दोन्ही झाडं, त्यांची बोंडं आणि बिया शाळेच्या पटांगणात समोर ठेवून शिक्षकांनी दाखवायला हव्यात. विज्ञानाच्या एका तासाचं हे काम आहे.

कपाशीचा राखणदार, केळीचं खत

शेतकऱ्याला एरंडाचा रोकडा उपयोग दोन ठिकाणी आहे. पहिला कपाशीच्या कडेला. पानं खाणाऱ्या तंबाखूवरील अळीच्या पतंगाला अंडी घालायला कपाशीपेक्षा एरंडाचं रुंद पान अधिक आवडतं. म्हणून कपाशीच्या भोवताली एरंडाची एक ओळ सापळा पीक म्हणून लावण्याची शिफारस एकात्मिक कीड व्यवस्थापनात असते. पानाच्या मागच्या बाजूला तपकिरी लव असलेला अंड्यांचा पुंजका दिसतो. अंडी फुटल्यावर पिल्लं एकाच पानावर थव्याने खातात आणि ते पान जाळीदार होतं. असं पान खुडून अळ्यांसकट नष्ट केलं की शेकडो अळ्या एका हाताने संपतात आणि एक फवारणी वाचू शकते.

मात्र बांधावर एरंड उभा केला आणि आठवड्यातून एकदाही फेरी मारली नाही, तर सापळ्याचा पाळणा होतो. अंडी तिथे घातली जातात, अळ्या तिथे पोसतात आणि मग कपाशीत उतरतात. खानदेशाला सध्या सगळ्यात जास्त छळणारी गुलाबी बोंडअळी एरंडाला फसत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे लावणं, फरदड न घेणं आणि पऱ्हाट्या वेळेवर काढणं हेच करावं लागतं. एरंडाकडून जेवढं मिळतं तेवढंच मागावं.

दुसरा उपयोग पेंडीचा. घाण्यातून तेल काढल्यावर उरलेल्या एरंडी पेंडीत सुमारे 4 टक्के नत्र असतं, शिवाय थोडं स्फुरद आणि पालाश. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीच्या बागांत आणि भाजीपाल्याला ती सेंद्रिय खत म्हणून टाकतात. ती हळू कुजते, त्यामुळे नत्र पुरवून पुरवून मिळतं. पण पेंडीत रिसिन उरलेलं असू शकतं. तिचं पोतं गोठ्यात किंवा सरकीच्या पेंडीशेजारी ठेवू नये, जनावराच्या तोंडी जाऊ देऊ नये. टाकल्यावर ती मातीत मिसळून झाकावी. पेंड हाडांच्या खतात मिसळली तर वासाने कुत्री ती खातात आणि मरतात. हाताळताना तोंडाला रुमाल बांधावा, तिच्या धुळीने काहींना दमा होतो.

रीत टिकायला हवी

महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत होळीच्या मधोमध एरंड उभा करतात. सणाने या झाडाला गावाच्या मध्यावर जागा दिली, शेतीच्या हिशेबाने त्याला बांधावर ठेवलं. मला वाटतं, पावसाची खात्री उरलेली नसताना कमी पाण्यावर येणाऱ्या या पिकाला कोरडवाहू खानदेशाने पुन्हा नीट तोलून पाहावं. साक्री, शिंदखेड्याच्या हलक्या रानांत थोड्या क्षेत्रावर संकरित वाण घेऊन पाहणं शेतकऱ्याला परवडू शकतं. त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी खरेदीची सोय लागेल आणि कृषी खात्याने आपल्या यादीत एरंडाला नाव द्यायला हवं.

त्याच्या जोडीला वापराची रीतही लिहून ठेवायला हवी. जुन्या बायका तेल कसं काढतात, वैद्य ते कोणाला देतात आणि कोणाला नाकारतात, डॉक्टर कोणत्या लक्षणाला घाबरतात, हे आशा सेविका, शिक्षक आणि कृषी सहायक या तिघांनाही माहीत असलं पाहिजे. औषधी झाडं लावण्याचा उत्साह आता सगळीकडे आहे. पण ‘औषधी’ म्हटलं की लोक ‘निरुपद्रवी’ समजतात आणि एरंडाच्या बाबतीत तो समज घातक आहे. पूर्वीची माणसं या झाडाचा आदर करत, तसाच त्याचा धाकही बाळगत.

पुढच्या मृगात कपाशी लावताना कडेला एरंडाची एक ओळ टोका. पिकाची फेरी मारायला जाल तेव्हा घरातल्या पोराला सोबत न्या. पानामागचा अंड्यांचा पुंजका त्याला दाखवा, ते पान त्याच्याच हाताने खुडायला लावा आणि वाळलेलं बोंड फोडून तीन बिया दाखवत सांगा, की यातलं तेल आपल्या कामाचं आहे, पण बी तोंडात घालायचं नाही. दोन्ही वाक्यं त्याला एकाच वेळी कळायला हवीत.